तेरा महिने, आणि एकही देशव्यापी प्रायोजक नाही : नॅट किंग कोलच्या टीव्ही कार्यक्रमाचं प्रकरण

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार. संध्याकाळी साडेसातला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर एका गायकाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. गायक असा, की त्याचा आवाज बहुतेक अमेरिकन घरांच्या ओळखीचा. वाद्यवृंद पहिल्या दर्जाचा. वाहिनीची मर्जी होती, पाहुण्यांना तोटा नव्हता. १७ डिसेंबर १९५७ला कार्यक्रम संपला. मधल्या तेरा महिन्यांत देशभर जाहिरात करणारा एकही कायमचा प्रायोजक मिळाला नाही.

या काळात पाठ फिरवणाऱ्या किंवा थोडा हात देणाऱ्या कंपन्यांची नावं मी इथे घेत नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या असत्या तरी त्या साली बहुधा हेच घडलं असतं. मला रस आहे तो निर्णय कुठे-कुठे झाले, आणि कुठे कुणीच घेतले नाहीत, त्यात.

पार्श्वभूमी

नॅट किंग कोलचं मूळ नाव नॅथॅनिएल कोल्स. जन्म १७ मार्च १९१९चा, अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीचा. तो लहान असतानाच कुटुंब शिकागोला गेलं. वडील पाद्री, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, आणि पियानोचे पहिले धडे तिचेच. १९३७च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये त्याने त्रिकूट जमवलं: पियानो, गिटार, बास. ड्रम नाहीत. जाझच्या जाणकारांचा खरा जीव या त्रिकुटावर. पुढे तो पियानोवरून उठून मायक्रोफोनसमोर उभा राहिला आणि व्हायोलिनच्या साथीने प्रेमगीतं गाऊ लागला, तेव्हा या मंडळींनी नाकं मुरडली. काहींनी अजून सरळ केलेली नाहीत.

१९४३मध्ये तो कॅपिटॉल रेकॉर्ड्सकडे आला. १९४८ आणि १९५०मध्ये त्याच्या दोन रेकॉर्डी थेट पहिल्या क्रमांकावर गेल्या. १९५६मध्ये हॉलीवूडमध्ये कॅपिटॉलची गोल मनोऱ्यासारखी इमारत उभी राहिली, तिला लोक ‘नॅटने बांधलेलं घर’ म्हणायचे. टीव्हीच्या दृष्टीने त्याची एक लकब तर सोन्यासारखी. पियानोवर बसताना तो पट्ट्यांकडे तोंड करत नसे. अंग श्रोत्यांकडे वळलेलं, चेहऱ्यावर हसू, आणि हात बाजूला आपलं काम आपापलं करत असायचे. जणू वाजवणारा दुसराच कुणी आहे आणि हा नुसता आपल्याशी गप्पा मारतोय.

हीच सौम्यता त्याने रागाच्या जागीही सोडली नाही. १९४८मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या गोऱ्या श्रीमंतांच्या वस्तीत त्याने घर घेतलं. शेजाऱ्यांनी कळवलं, आम्हाला इथे नको ती माणसं यायला नकोत. तो म्हणाला, मलाही नकोत. तसं कुणी येताना दिसलं तर पहिली तक्रार माझी असेल.

दुसरा प्रसंग कार्यक्रम सुरू होण्याच्या सात महिने आधीचा. १० एप्रिल १९५६, बर्मिंगहॅम, अलाबामा. तिथल्या रीतीप्रमाणे दोन खेळ: आधी गोऱ्यांसाठी, मग कृष्णवर्णीयांसाठी. सोबत टेड हीथचा इंग्रज वाद्यवृंद. पहिला खेळ चालू असतानाच काही गोरे पुरुष धावत मंचावर चढले आणि त्यांनी कोलला खाली पाडलं. पाठ दुखावली. पोलिसांनी हल्लेखोरांना पकडल्यावर तो पुन्हा पडद्याबाहेर आला, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी तुमचं मनोरंजन करायला आलो होतो, तुम्हाला तेच हवं असेल असं वाटलं होतं, इतकंच तो बोलला. तो खेळ पुरा झाला नाही. रात्रीचा दुसरा मात्र त्याने केला.

त्यानंतर त्याच्यावर टीका झाली ती त्याच्याच समाजातून. त्याच्या जन्मगावी, मॉन्टगोमेरीत, तेव्हा बसवरचा बहिष्कार चालू होता. लोक महिनोन्‌महिने पायी कामावर जात होते. आणि हा विभागलेल्या सभागृहात गातो? कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं. मग डेट्रॉइटमध्ये त्याने एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचं आजीव सभासदत्व घेतलं. पण मूळ श्रद्धा हलली नसावी: आपण चांगलं काम करत राहावं, माणसं हळूहळू निवळतात. पुढच्या तेरा महिन्यांतल्या बऱ्याच निर्णयांखाली ही श्रद्धा आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

अडचण

त्या काळचा टीव्ही आजच्यासारखा चालत नव्हता. आज कार्यक्रम वाहिनीचा असतो आणि मध्ये दहा कंपन्यांच्या जाहिराती येतात. तेव्हा बऱ्याचदा अख्खा कार्यक्रम एकाच कंपनीचा असायचा. एडी फिशर या गायकाच्या पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाच्या नावातच शीतपेयाचं नाव होतं. डायना शोअरचा कार्यक्रम एका मोटार कंपनीचा, आणि मोटारीचं गाणं ती स्वतः म्हणायची. रेडिओ सिलोनवरची गीतमाला ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. टूथपेस्ट आधी, गाणी मागून.

म्हणजे कार्यक्रमाचा यजमान हा गायक तर असायचाच, शिवाय कंपनीचा विक्रेताही असायचा. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. कोल इतरांच्या कार्यक्रमांत पाहुणा म्हणून जायचा. त्या कार्यक्रमांचे पैसेही कंपन्याच भरत होत्या, आणि त्याच्या येण्याने कुणाचा धंदा बसल्याचं ऐकिवात नाही. पाहुणा दोन गाणी म्हणून जातो. यजमान दर आठवड्याला दिवाणखान्यात येतो, नाव घेऊन बोलतो आणि वस्तू हातात ठेवतो. गाणारा कृष्णवर्णीय चालत होता, विकणारा चालत नव्हता.

एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या प्रतिनिधीने हे सरळ बोलूनही दाखवलं: कृष्णवर्णीय माणूस आमची लिपस्टिक विकू शकणार नाही. कोल उखडला. आम्ही काय लावतो असं वाटतं यांना, खडू? आणि टेलिफोन कंपनीला कसली भीती? टीव्हीवर कृष्णवर्णीय दिसला म्हणून माणूस काय फोन करून सांगणार आहे, की आमचा फोन काढून न्या?

ही भीती कुणी मोजलेली नव्हती. दक्षिणेतले गोरे ग्राहक माल घेणं बंद करतील, असा अंदाज. कंपनी तो अंदाज जाहिरात एजन्सीच्या तोंडी घालायची, एजन्सी वाहिनीला सांगायची, वाहिनी कोलच्या माणसांना. अंदाज जितक्या तोंडांतून गेला तितका पक्का होत गेला.

समोरचे पर्याय

१९५६च्या सुरुवातीला कोलचा सीबीएस या दुसऱ्या वाहिनीशी करार झाला होता, पण कार्यक्रम काही प्रत्यक्षात आला नाही. म्हणून एनबीसीशी बोलणी सुरू झाली तेव्हा पहिला पर्याय अनुभवाने माहीत होता: प्रायोजक मिळेपर्यंत थांबायचं. थांबलं की काय होतं, ते नुकतंच दिसलेलं.

दुसरा पर्याय पाहुणा म्हणूनच राहण्याचा. पैसे बरे, डोक्याला ताप नाही. मैफली आणि क्लबांतल्या मोठ्या रकमेच्या तारखाही मोकळ्या राहतात. नुसता हिशेब मांडला तर हाच पर्याय शहाणपणाचा होता, आणि हाच त्याला नको होता.

तिसरा: प्रायोजकाशिवाय सुरू करायचं, खर्च वाहिनीने सोसायचा. कार्यक्रम दिसू लागला, लोकांना आवडला, की प्रायोजक आपोआप येईल. एनबीसी याला तयार झाली. हे मोठेपण खरंच, पण व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर हा उधारीवरचा मोठेपणा होता. किती महिने थांबायचं आणि तोवर विक्रीसाठी काय वेगळं करायचं, याचा आराखडा असल्याचं पुढच्या घटनांवरून तरी दिसत नाही.

चौथा पर्याय तेव्हा कुणाच्या यादीत नसावा, तो वर्षभराने आला. त्याविषयी पुढे.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. कोल हा टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळालेला पहिला कृष्णवर्णीय कलाकार, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. हेझल स्कॉट या पियानोवादक-गायिकेचा कार्यक्रम १९५०मध्ये ड्युमाँट वाहिनीवर थोडे आठवडे चालला होता. पण इतक्या मोठ्या नावाने, इतक्या मोठ्या वाहिनीवर, इतकं काळजीपूर्वक कुणी केलं नव्हतं.

सुरुवातीची वेळ मात्र अवघड. सोमवारी साडेसात ते पावणेआठ, बातम्यांच्या आधी. समोर सीबीएसवर त्याच वेळी रॉबिन हूडची अर्ध्या तासाची मालिका. ज्या घरात पोरांनी साडेसातला रॉबिन हूड लावला, तिथे पावणेआठपर्यंत कोलकडे येतो कोण? प्रेक्षकसंख्या कमी भरली, आणि कमी संख्या हे नकाराचं सभ्य कारण झालं. ते कागदावर लिहिता येतं. रंगाचं कारण लिहिता येत नाही.

१९५७च्या उन्हाळ्यात एनबीसीने पाऊल मागे न घेता पुढे टाकलं. कार्यक्रम अर्ध्या तासाचा केला, मंगळवारी नेला, खर्च वाढवला. पाहुण्यांना देण्याएवढे पैसे तरीही नव्हते. मग एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे, मेल टॉर्मे, पेगी ली, सॅमी डेव्हिस ज्युनियर, महेलिया जॅक्सन असे एकेक जण आले आणि कलाकार संघटनेने ठरवलेल्या किमान मानधनावर गाऊन गेले. एरवी या लोकांचं एका रात्रीचं मानधन पाहून कार्यक्रमाच्या हिशेबनिसाला घाम फुटला असता. मैत्री होतीच, पण हे आपल्या सगळ्यांचं काम आहे ही जाणीवही होती. कोलने स्वतःही मैफलींच्या तारखा सोडल्या.

प्रेक्षकसंख्या सुधारली. प्रायोजक आला नाही. ‘आधी लोकांना आवडू दे’ या तर्काचा निकाल इथे लागला होता. आवडणं हा अडथळा नव्हताच.

मग चौथा पर्याय. सगळा देश एका कंपनीला विकण्याऐवजी शहर-शहर विकायचं. कार्यक्रम तोच, पण मधली जाहिरातीची जागा स्थानिक केंद्र आपल्या गावच्या जाहिरातदाराला देणार. न्यूयॉर्कमध्ये एक बिअर आली. लॉस एंजेलिसमध्ये एक वाइन आणि एक टूथपेस्ट. न्यू ऑर्लीन्समध्ये एक बिअर. ह्यूस्टनमध्ये एक शीतपेय.

शेवटची दोन शहरं पुन्हा वाचा. न्यू ऑर्लीन्स लुईझियानात, ह्यूस्टन टेक्ससमध्ये. ज्या दक्षिणेच्या नावाने न्यूयॉर्कमधले अधिकारी घाबरत होते, तिथल्या दोन मोठ्या शहरांत स्थानिक बाजार ओळखणाऱ्यांनी पैसे लावले. दक्षिणेत सगळं आलबेल होतं असा याचा अर्थ नाही. बर्मिंगहॅमला कार्यक्रमाच्या सातच महिने आधी काय झालं ते वर आलंच आहे. पण ‘तिथे कुणी विकतच घेणार नाही’ हा दावा खोटा होता, आणि तो खोटा असल्याचा पुरावा कार्यक्रमाच्या स्वतःच्या वह्यांत होता.

पुरावा आला तो उशिरा. तेरांपैकी बहुतेक महिने संपल्यावर.

शनिवारी सात

इथे सगळ्यात अवघड वळण. वाहिनीने सुचवलं: कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सातला नेऊ. ती वेळ स्वस्त, सोसायला सोपी. बंद करण्यापेक्षा बरं.

कोलने नाही म्हटलं.

एनबीसीच्या बाजूने बोलायचं तर वर्षभर स्वतःच्या खिशातून कार्यक्रम चालवणारी वाहिनी सहजासहजी सापडत नाही. कोलनेही पुढे वाहिनीला दोष दिला नाही. फेब्रुवारी १९५८च्या ‘एबनी’ मासिकात त्याने आपण कार्यक्रम का सोडला ते स्वतःच्या नावाने लिहिलं. राग होता तो न्यूयॉर्कमधल्या जाहिरात एजन्सींच्या रस्त्यावर, मॅडिसन अव्हेन्यूवर. लोकांनी काय बघायचं ते दक्षिण नाही ठरवत, हे लोक ठरवतात, असं त्याचं म्हणणं. तेरा महिने आपण टीव्हीचे जॅकी रॉबिन्सन होतो, असंही त्याने लिहिलं. (रॉबिन्सन म्हणजे १९४७मध्ये बेसबॉलच्या मुख्य लीगमधली वर्णबंदी मोडणारा खेळाडू.) आणि त्याचं ते प्रसिद्ध वाक्य: मॅडिसन अव्हेन्यू काळोखाला घाबरते.

कोलच्या बाजूने बघायचं तर तो दमला होता. मित्रांना किमान मानधनावर आणखी किती दिवस बोलवायचं? आणि खालच्या वेळेला जाणं म्हणजे ‘बघा, नाही चालला’ म्हणायला सगळे मोकळे.

निकाल

१७ डिसेंबर १९५७ला शेवटचा भाग झाला. धंद्याच्या दृष्टीने कोलचं फार बिघडलं नाही. रेकॉर्डी खपत राहिल्या, १९६२मध्ये पुन्हा एक मोठं गाणं गाजलं. सिगारेट काही सुटली नाही. १५ फेब्रुवारी १९६५ला फुप्फुसाच्या कर्करोगाने तो सांता मोनिकात गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी.

त्याच सप्टेंबरात एनबीसीवर बिल कॉस्बी एका हेरमालिकेत बरोबरीच्या नायकाच्या भूमिकेत दिसू लागला. १९७०मध्ये फ्लिप विल्सनचा विनोद-संगीताचा कार्यक्रम, पुन्हा एनबीसीवरच, देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत गेला. एका यजमानाच्या नावावर असलेल्या कार्यक्रमाचं जे १९५७मध्ये अडलं होतं, ते सुटायला तेरा वर्षं लागली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट बदलली होती आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रश्नमंजूषांमधली लबाडी उघडकीला आली, वाहिन्यांनी कार्यक्रमांचा ताबा प्रायोजकांकडून काढून घेतला, आणि एका कंपनीचा एक कार्यक्रम ही पद्धत मागे पडत गेली. मिनिटा-मिनिटाने जागा विकली जाऊ लागली. यजमान कुणाचा विक्रेता राहिला नाही. लोकांची मनं बदलली हे खरं, पण विक्रीची पद्धतही बदलली, आणि दुसऱ्याचं श्रेय पहिल्याला देण्याची आपल्याला सवय असते.

वेगळं काय करता आलं असतं

शहरवार विक्री पहिल्या दिवसापासून. याबद्दल मला शंका नाही. आणि सुरुवात दक्षिणेतल्या शहरांपासून, कारण भीती तिथली होती. न्यू ऑर्लीन्समधल्या बिअरवाल्याचा तीन महिन्यांचा खप घेऊन न्यूयॉर्कच्या एजन्सीत गेलं असतं, तर निदान अंदाजासमोर आकडा ठेवता आला असता. भेदभाव आकड्याने जातो असं मी म्हणत नाही. पण ‘आम्हाला काही नाही हो, गिऱ्हाइकाला चालत नाही’ ही पळवाट आकड्याने बंद होते, आणि मग समोरच्याला स्वतःच्या नावावर नकार द्यावा लागतो.

दुसरं, वेळ. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम अर्ध्या तासाच्या मालिकेसमोर टाकून आठ महिने घालवले. अर्धा तास पहिल्यापासून असता तर ‘आकडे कमी आहेत’ हे सभ्य कारण तरी इतक्या स्वस्तात मिळालं नसतं.

तिसरं कोलबद्दल, आणि हे जरा जड जातं. उन्हाळ्यात प्रेक्षक वाढले, मोठमोठे कलाकार नाममात्र पैशांत येत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती. त्याची बाजू सगळ्यात भक्कम होती ती तेव्हा. वाहिनीकडून पुढच्या वर्षाची वेळ आणि मुदत लेखी मागायची तर तेव्हाच. त्याने ती मागितली असती तर मिळालीच असती असं नाही. पण चांगलं काम केलं की माणसं निवळतात यावर विश्वास असलेला माणूस बाजू भक्कम असताना मागत नाही, काम करत राहतो. डिसेंबरात त्याच्याकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त नाही म्हणणं उरलं होतं.

ते नाही म्हणणं चूक होतं का? टिकून राहण्यासारखं दुसरं काही नाही, पडद्यावर असलेला माणूसच पडदा बदलतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग एकदा वेळेचे पट्टे नकाशावर काढून बघितले. न्यूयॉर्कला शनिवारी सात वाजतात तेव्हा मध्य विभागात सहा झालेले असतात. शिकागोत सहा, न्यू ऑर्लीन्समध्ये सहा, ह्यूस्टनमध्ये सहा. बर्मिंगहॅममध्येही सहाच. शनिवारी संध्याकाळी सहाला टीव्ही चालू असतो खरा. घरातली माणसं मात्र स्वयंपाकघरात असतात, नाहीतर बाहेर जायचं म्हणून कपडे बदलत असतात.